तीन नवे काटे आणि एक शिक्का

गाडीतला पेट्रोलचा काटा नऊ वर्षं अर्ध्यावर होता. टाकी काठोकाठ भरा, तळाला जाऊ द्या, गाडी चढाला लागू द्या नाहीतर दारात महिनाभर उभी राहू द्या, काटा आपला अर्ध्यावर. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही गाडी होती वजनमापे खात्याच्या निरीक्षकांची, आणि त्या निरीक्षकांना सगळी बाजारपेठ 'काटेकोर साहेब' म्हणायची. तोंडावर नुसतं 'साहेब', पाठ वळली की पूर्ण.

एकतीस वर्षं साहेबांनी लोकांचे काटे तपासले होते. किराणावाल्याचा, सोनाराचा, भंगारवाल्याचा, पेट्रोल पंपाचा. कुठे काटा केसभर सरकलेला दिसला की साहेब खांद्यावरच्या पिशवीतून तार, शिशाची गोळी आणि चिमटा काढत आणि समोरचा माणूस 'अहो, जरा ऐका तर' म्हणेपर्यंत शिक्का बसलेला असे. आणि या एकतीस वर्षांत त्यांचा एकही शिक्का चुकीचा ठरला नव्हता. सेवापुस्तकातलं शेऱ्यांचं पान कोरं करकरीत होतं. महिनाअखेरीला निवृत्ती होती. ते पान तसंच कोरं ठेवून बाहेर पडायचं, एवढी एकच इच्छा साहेबांची उरली होती. बाकीच्या इच्छा त्यांनी बायकोच्या सल्ल्याने केव्हाच सोडून दिल्या होत्या.

अशात एक दिवस खात्याच्या नव्या मॅडम त्यांच्या गाडीत बसल्या. मॅडम साहेबांच्या वरिष्ठ, आणि वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. चार चौकांपलीकडच्या एका गोदामापर्यंत जायचं होतं. मॅडमनी गोल दिव्यांच्या त्या जुन्या गाडीचं कौतुक केलं, लाकडी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि सहज म्हणाल्या, "साहेब, तुमचा काटा हलत नाही."

एवढंच. मॅडम पुढच्या मिनिटाला विसरूनही गेल्या असतील. पण साहेबांना त्या दिवशी डबा गेला नाही. एकतीस वर्षांत त्यांना लोक बरंच काही बोलले होते, त्यातलं काही छापण्यासारखंही नव्हतं, पण तुमचा काटा हलत नाही असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधीच जाहीर केलं, "गाडीला नवे काटे बसवायचे. तीन. पेट्रोलचा, तेलाच्या दाबाचा आणि इंजिनाच्या तापमानाचा."

"पेट्रोलला माझी पट्टी आहे की," वहिनी म्हणाल्या. साहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, म्हणून आपणही तेच म्हणू.

वहिनींची पट्टी म्हणजे मुलीच्या शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी. दर रविवारी वहिनी टाकीचं झाकण उघडून ती आत बुडवत, बाहेर काढून उजेडात धरत आणि निकाल देत, "चार बोटं आहे. बाजारापुरतं झालं." नऊ वर्षांत हा निकाल एकदाही चुकला नव्हता. पण बोट हे माप खात्याच्या कुठल्याच यादीत बसत नसल्यामुळे साहेबांना त्याची मनातून लाज वाटायची.

"वजनमापे खात्याचा माणूस पट्टी बुडवून गाडी चालवतो! कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"नऊ वर्षं सगळेच बघतायत. काही म्हणालं नाही कुणी," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

जुन्या गाड्यांचं सामान पोस्टाने पाठवणारं एक दुकान होतं. तिथून खोकं आलं. काळ्या चकत्या, चकचकीत कडी, लालभडक काटे. साहेबांनी तिन्ही काटे जेवणाच्या टेबलावर मांडले आणि इमारतीतले लोक नवं बाळ बघायला यावेत तसे बघून गेले. खोक्यात माहितीचा एक कागद होता. तो पाच भाषांत छापलेला होता, आणि त्या पाचांतली एकही इमारतीत कुणाला येत नव्हती. मग तो वाचायचं काम वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलं, कारण डॉक्टरांना एक्स-रे वाचायची सवय होती.

कागदावर एक चित्र होतं. दोन टाक्या, दोन्हींत एकेक तरंगता फ्लोट. एका टाकीवर बरोबरची खूण, दुसरीवर ठळक फुली. डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"गाडी उतारावर उभी करायची नाही, असं म्हणतायत," ते म्हणाले.

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

डॅशबोर्डला भोकं पाडायला मात्र कुणी धजेना. सुताराने लाकडावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "वय झालंय याचं. तडकलं तर माझ्या नावाने ओरडू नका." तळमजल्यावरच्या शिक्षकांनी तापलेल्या सळईचा उपाय सुचवला. त्यांच्या मेहुण्याने तसं केलं होतं म्हणे. मेहुण्याच्या डॅशबोर्डचं पुढे काय झालं हे शिक्षकांनी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अहो, मी रोज याहून नाजूक ठिकाणी भोकं पाडतो."

रविवारी सकाळी डॉक्टर मास्क लावून गाडीत शिरले. साहेबांनी टॉर्च धरली. डॉक्टरांचं काम खरोखरच हळुवार होतं. त्रास इतकाच होता की सवयीने ते मधेमधे "जरा मोठं उघडा" म्हणत, आणि टॉर्चवाले साहेबही सवयीने आ करत. दोन तासांत दोन नवी भोकं पडली, कडेला चरासुद्धा नाही. तेलाचा आणि तापमानाचा काटा त्यांत चपखल बसला. गंमत झाली ती पेट्रोलच्या काट्याची. तो जुन्याच भोकात बसवायचा होता, आणि जुनं भोक निघालं मोठं. काटा आत ठेवला की सैल दातासारखा डुगडुगायचा.

"बाजूने पाचर लागेल," डॉक्टर म्हणाले. "पातळ, जुनं, मुरलेलं लाकूड हवं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मागच्या सीटवर पातळ, जुनं, मुरलेलं लाकूड पडलेलंच होतं. पुढच्या पाच मिनिटांत त्याचे चार तुकडे झाले आणि काटा घट्ट बसला.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "माझी पट्टी कुठे गेली?"

"कामी आली," साहेब म्हणाले.

वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि एकतीस वर्षांच्या संसारात साहेबांना त्यांच्या न बोलण्याचीच जास्त भीती वाटत आली होती. तरी त्या दिवशी त्यांना ती फारशी वाटली नाही. शेवटचं माप घेताना पट्टीने टाकी अर्धी असल्याचं सांगितलं होतं, आणि तेवढं साहेबांच्या वहीत नोंदलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाला आला. हा माणूस कधीच कशाने चकित होत नसे. डॅशबोर्डखाली उताणा पडून त्याने तासाभरात सगळ्या वायरी जोडल्या आणि फक्त एक प्रश्न विचारला. "साहेब, टाकीतला फ्लोट जुनाच ठेवायचा का?"

फ्लोट म्हणजे टाकीच्या आत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा. तो वरखाली होतो आणि किती पेट्रोल आहे ते वायरीतून काट्याला कळवतो. साहेबांनी क्षणभर विचार केला. फ्लोट तर चांगला होता, मेला होता तो काटा.

"जुनाच ठेवा," ते म्हणाले. "चांगल्या वस्तूला हात कशाला लावायचा?"

"तुम्ही म्हणाल तसं," वायरिंगवाला म्हणाला आणि उरलेल्या दोन वायरी खिशात घालून उभा राहिला. "ह्या जास्तीच्या दिसतात."

किल्ली फिरली. तिन्ही काटे थरथरले. पेट्रोलचा काटा शून्यावरून उठला, ऐटीत चढत गेला आणि बरोबर अर्ध्यावर येऊन थांबला. वहीतली नोंद अर्धी, काटा अर्धा. साहेबांनी वहीतल्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली.

"पण आधीचाही अर्ध्यावरच होता ना?" डॉक्टरांनी शंका काढली.

"तो मेलेला होता म्हणून अर्ध्यावर होता," साहेब म्हणाले. "हा जिवंत आहे आणि अर्ध्यावर आहे."

डॉक्टर घड्याळ बघत दवाखान्याकडे निघाले.

शनिवारी दुपारी साहेब वहिनींना घेऊन पेट्रोल भरायला निघाले. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक छोटा पंप होता, पेट्रोलचं एकच यंत्र असलेला. तो एक बाई चालवायच्या. हिशेबाला त्याच, नळी धरायला त्याच, आणि हॉर्न वाजवणाऱ्यांना खडसावायलाही त्याच. साहेब तिथे कित्येक वर्षं जात होते आणि पंपाच्या बाईंना ते बरोबर ओळखून होते. बाईही त्यांना ओळखून होत्या, आणि ते आले की जरा ताठ उभ्या राहायच्या.

"दहा लिटर," साहेब म्हणाले.

दहा लिटर पडलं. साहेबांनी किल्ली फिरवली आणि डोळे भरून बघायला काट्याकडे वळले. काटा अर्ध्यावरून खाली आला होता. चांगला पावाच्याही खाली.

साहेबांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी खाली उतरून गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत होती. मग ते शांतपणे म्हणाले, "अजून पाच टाका."

बाईंनी पाच टाकलं. किल्ली फिरवली. काटा शून्यावर टेकला.

आता इथे कुणीही साधा माणूस म्हणाला असता, की काट्यात काहीतरी गडबड आहे. पण साधा माणूस आयुष्यभर लबाड यंत्रं पकडत हिंडलेला नसतो. साहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. यंत्रावरचे आकडे पुढे पळतायत आणि नळीतून नुसती हवा येतेय.

"बाई, पेट्रोल कुठे आहे?"

"टाकीत," बाई म्हणाल्या.

"माझा काटा तर रिकामी दाखवतोय."

"साहेब, टाकी भरलीय. आणखी टाकलं तर बाहेर येईल."

"काटा रिकामी म्हणतो आणि तुम्ही म्हणता भरलीय! मी कुणाचं ऐकायचं?"

"पट्टी असती तर बुडवून बघता आली असती," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. खात्याच्या नियमांत एक कलम होतं. मोजणीचं पाच लिटरचं प्रमाणित भांडं जवळ नसेल, तर अधिकाऱ्याला निव्वळ संशयावरून तात्पुरता शिक्का मारता येतो. मग तीन कामाच्या दिवसांत वरिष्ठांच्या समोर मोजणी करायची. एकतीस वर्षांत साहेबांनी हे कलम एकदाही वापरलं नव्हतं. भांडं घेतल्याशिवाय ते कुठे जातच नसत. पण आज सुट्टी होती आणि भांडं कचेरीच्या कपाटात होतं. पिशवी मात्र डिकीत होती.

तार ओवली गेली, गोळी दाबली गेली, यंत्र बंद. फॉर्मच्या तीन प्रती झाल्या. 'संशयाचे कारण' या रकान्यात साहेबांनी झोकदार अक्षरात लिहिलं, 'प्रत्यक्ष अनुभव.' बाईंनी सही केली. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तीन दिवस पंप बंद म्हणजे माझ्या पोटावर पाय आहे, साहेब. चूक निघाली माझी तर हरकत नाही. तुमची निघाली तर लेखी तक्रार करणार."

"खुशाल करा," साहेब म्हणाले.

वळणावर वहिनी म्हणाल्या, "पेट्रोलचा केवढा वास येतोय."

"रिकाम्या टाकीला जास्तच येतो," साहेबांनी सांगितलं.

सोमवारी साहेबांना गावोगावचा दौरा होता. रिकाम्या टाकीने किती जाणार, म्हणून त्यांनी दुसऱ्या पंपावर थांबायचं ठरवलं होतं. पण पंप येण्याआधीच काटा शून्यावरून हलला आणि वर सरकू लागला. घरी परतेपर्यंत तो पावावर होता. साहेबांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण वहिनींना सांगावी लागली, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून वहिनींना ती आधीच कळली होती.

"गाडी चालवली की पेट्रोल वाढतं?" वहिनींनी विचारलं.

"तसं नाही. काटा बसतोय," साहेब म्हणाले.

वहिनींकडून ऐकून डॉक्टरांनी दुजोरा दिला. "नवी कवळी बसवली की महिनाभर असंच होतं. आधी चावत नाही, मग नको तिथे चावते. बसेल हळूहळू." वायरिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

मंगळवारी पुन्हा शंभर किलोमीटर झाले आणि काटा बरोबर अर्ध्यावर आला. आता बसला, असं म्हणून साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. आत कुठेतरी शंकेचा एक किडा वळवळत होता. पण शनिवारच्या फॉर्मवर त्यांची झोकदार सही होती, आणि त्या सहीला शंका परवडणारी नव्हती.

बुधवार हा तिसरा दिवस. सकाळी लांबलांबची दोन गावं उरकून दुपारी साहेबांनी कचेरीतून मॅडमना घेतलं, प्रमाणित भांडं मागच्या सीटवर कापडात गुंडाळून ठेवलं आणि गाडी पंपाकडे वळवली. काटा आता पार उजवीकडे, भरलेल्या टाकीच्या खुणेवर होता.

"मॅडम," साहेबांनी न राहवून दाखवलं, "काटा हलतो आता."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. आणि गाडी खोकली, दोनदा गचके देऊन पुढे सरकली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

साहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटेना. तेलाच्या काट्याची तक्रार नाही, तापमान व्यवस्थित, पेट्रोल पूर्ण. बॉनेट उघडून त्यांनी आत हात घातला, हात काळे केले, बॉनेट लावलं. पंप दोनशे पावलांवर दिसत होता आणि पंपाच्या बाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"ढकलायची का?" मॅडमनी विचारलं आणि बाह्या वर सारल्या.

वरिष्ठ अधिकारी मागून ढकलतायत आणि आपण खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलंय, अशा अवस्थेत साहेब आपण शिक्का मारलेल्या पंपावर दाखल झाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. समोरून एक ट्रॅक्टर गेला आणि ट्रॅक्टरवाल्याने ओळखीचा हात केला.

"पेट्रोल हवंय का?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणून तो जास्तच लागला. "देता येणार नाही. शिक्का आहे."

"टाकी भरलेली आहे," साहेब म्हणाले. "दुसरंच काही झालंय."

बाई आत गेल्या आणि जाडसर तारेचा एक लांब तुकडा घेऊन आल्या. त्यांनी झाकण उघडलं आणि तार सरळ तळापर्यंत घातली. बाहेर काढून मॅडमच्या हातात दिली. तार कोरडी होती. टोकाला थोडासा गंज लागला होता, तेवढाच.

साहेब तारेकडे बघत राहिले. मग डॅशबोर्डकडे. किल्ली चालूच होती आणि लाल काटा भरलेल्या खुणेवर ठाम उभा होता. एकाएकी त्यांना खोक्यातला कागद आठवला. दोन टाक्या, दोन फ्लोट, एकावर फुली. उताराचा काही संबंधच नव्हता. नव्या काट्याला जुन्या घडणीचा फ्लोट चालत नाही, उलटं दाखवतो, एवढंच ते बिचारे पाच भाषांत ओरडून सांगत होते. रिकामी असली की भरलेली, भरलेली असली की रिकामी. आणि अर्धी असली की अर्धी.

म्हणजे शनिवारी टाकी भरली होती. बाई खरं बोलत होत्या.

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि पहिला खोटा शिक्का त्यांच्या समोर लोंबत होता. तरी अजून एक वाट होती. मोजणी करायची, 'दोष आढळला नाही' असं लिहायचं, शिक्का काढायचा. असं रोज कुठे ना कुठे होतं. संशय होता, फिटला. काट्याबद्दल कुणी विचारलंच नसतं. साहेबांनी ही वाट पाहिली, तिच्यावरून मनातल्या मनात चार पावलं चालूनही पाहिली. ती फारच सरळ आणि सोपी होती. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"मॅडम, मोजणीच्या आधी मला एक लिहायचंय," ते म्हणाले. आणि फॉर्मच्या मागे त्यांनी लिहिलं, की शनिवारचा शिक्का मी माझ्या स्वतःच्या गाडीतल्या काट्याच्या भरवशावर मारला, तो काटा मी स्वतः चुकीचा बसवून घेतला आहे, आणि पंपचालक बाईंनी तेव्हाच खरं सांगितलं होतं. खाली सही केली. या वेळी अक्षर झोकदार आलं नाही.

"बाई, माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुम्ही तक्रार करा. मी नाही म्हणणार नाही."

बाईंनी तीन दिवस मनात तयार केलेलं भांडण असं अचानक फुकट गेलं होतं.

मॅडमनी कागद वाचला. "साहेब, अकरा दिवस राहिलेत तुमचे. हे पान काढून टाका. मी पाहिलं नाही."

"मी पाहिलंय ना," साहेब म्हणाले.

मग शिक्का तोडला आणि मोजणी सुरू झाली. भांडं सपाट जागी ठेवलं, यंत्रावर पाच लिटरचा आकडा आला तसा बाईंनी नळीचा खटका सोडला, आणि साहेब सवयीने गुडघे टेकून भांड्याच्या मानेवरच्या खुणेला डोळा लावून बसले. बराच वेळ ते उठेनात.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"पुन्हा घेऊ," साहेब म्हणाले.

पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं. तिन्ही वेळा पेट्रोल खुणेच्या वर होतं. थोडंथोडकं नाही, साठ मिलिलिटर. खात्याला चालतं पंचवीस.

"यंत्र जास्त देतंय," साहेब उठत म्हणाले. त्यांचा स्वतःच्याच कानांवर विश्वास बसत नव्हता. "पाच लिटरला साठ मिली जास्त. कमी दिलं तरी दोष, जास्त दिलं तरी दोष. नियमाने हे यंत्र बंदच ठेवायला हवं होतं."

"म्हणजे शिक्का बरोबर होता?" मॅडम म्हणाल्या.

बाई मात्र मटकन खुर्चीत बसल्या. "जास्त देतंय? कधीपासून?"

"सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं."

"अहो, वर्षावर झालं, माझ्या जमिनीखालच्या टाकीत कमी भरतंय. मी म्हणायचे, कोण नेतंय? इथे दोघंच होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ." बाईंनी पदर तोंडाशी धरला. "मी त्याला नको नको ते बोलले. हाकलून दिलं. तो गेल्यावरही कमीच भरत राहिलं, पण मलाच फोन करायची लाज वाटायची. वर्ष झालं, तोंड बघितलं नाही आम्ही एकमेकांचं."

मॅडमनी हळूच विचारलं, "कुठे असतात ते?"

"यंत्रदुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडे. दुसऱ्या पंपांची कामं करतो."

"मग बोलवा ना," मॅडम म्हणाल्या. "यंत्र दुरुस्त तर करून घ्यावंच लागेल."

बाईंनी फोन लावला. नुसतं "ये" म्हणाल्या, आणि मग फोनवर काही बोलता येईना म्हणून तो साहेबांकडे दिला. साहेबांनी मोजणीचे तिन्ही आकडे वाचून दाखवले. पलीकडून आवाज आला, "आलोच."

तो येईपर्यंत नियमाप्रमाणे यंत्राला नवा शिक्का मारावा लागला. तो साहेबांनीच मारला, पाठीमागे स्वतःची कोरडी गाडी उभी असताना. अर्ध्या तासात भाऊ मोटरसायकलवरून आला. बाईंनी त्याला सांगायला बरंच काही गोळा केलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवलास का?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"मग आधी जेव."

"आधी यंत्र बघतो, ताई," तो म्हणाला आणि झाकण उघडून आत डोकं घातलं. त्याला ते डोकं बाहेर काढायची घाई दिसत नव्हती. दोन-तीनदा त्याने बाहीने तोंड पुसलं. साहेब दुसरीकडे बघत राहिले. त्यांनाही डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा मोजणी झाली. पेट्रोल खुणेवर येऊन बरोबर थांबलं. शिक्का निघाला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून साहेबांच्या गाडीत पंधरा लिटर पडलं. काटा पूर्णावरून उतरून अर्ध्यावर आला. कोणी हसलं नाही, फक्त मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"तक्रारीचं काय?" साहेबांनी निघताना बाईंना विचारलं.

"कसली तक्रार?" बाई म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष आत जेवत असलेल्या भावाकडे होतं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला, तोही पाच लिटरच्या, प्रमाणित. पण पुरता नाही. कचेरीत पोचल्यावर मॅडमनी त्यांचं सेवापुस्तक मागवून घेतलं. "तुम्ही लेखी दिलंय म्हटल्यावर मला शेरा लिहावाच लागेल," त्या म्हणाल्या. साहेब मान खाली घालून उभे राहिले. पेन कागदावर चालल्याचा आवाज त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग मॅडमनी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा वहिनी दारातच होत्या. ट्रॅक्टरवाल्याकडून गाडी ढकलल्याची बातमी केव्हाच पोचली होती. साहेब खुर्चीत बसले आणि पाय लांब केले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचं नवलही वाटत होतं, कारण जे होऊ नये म्हणून एकतीस वर्षं जपलं तेच झालं होतं.

"शेरा आला," ते म्हणाले.

"वाईट?"

"ऐक. 'शिक्का योग्य. कारण चुकीचे. चूक निरीक्षकांनी मोजणीपूर्वी स्वतःहून सांगितली.'"

वहिनींनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. साहेबांनी म्हटलं. मग त्या त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ते पान कोरंच होतं. आता कुणी उघडलं तर कळेल तरी, की इथे एक माणूस काम करत होता."